आहाजाचा तह: यहूदाच्या राजांची राजकीय मैत्री आणि तिची आध्यात्मिक किंमत

बायबलमधील राजकीय तहांविषयी बोलणे निघाले की बहुधा एकच विधान ऐकू येते, ते म्हणजे परक्या राष्ट्रांशी संबंध जोडणे देवाला मान्य नव्हते. राजे आणि इतिहास ही पुस्तके ओळीने वाचणाऱ्याला हे विधान पुरे पडत नाही. अब्राहामाने अबीमलेखाशी बैरशेबा येथे शपथ वाहून करार केला, त्याबद्दल त्याला कोठेही बोल लावलेला नाही. शलमोनाने सोरच्या हिरामाशी केलेला तह तर परमेश्वराने त्याला दिलेल्या शहाणपणाच्या जोडीनेच नोंदवला आहे (१ राजे ५). मग यहूदाच्या आसा, यहोशाफाट आणि आहाज या राजांना संदेष्ट्यांनी इतके कठोरपणे का खडसावले? माझे म्हणणे असे की, तह कोणाशी झाला हा बायबलचा पहिला प्रश्न नाहीच. तो करताना राजाने कोणते शब्द उच्चारले, त्याची किंमत कोणत्या भांडारातून चुकवली आणि दिलेला शब्द पुढे पाळला की नाही, हे प्रश्न तेथे अधिक महत्त्वाचे आहेत. आहाजाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके असल्यामुळे मी त्याच्यापाशी जास्त थांबणार आहे.

इ.स.पू. ७३५च्या सुमारास अरामाचा (सीरियाचा) राजा रसीन आणि शलमोनानंतर वेगळे झालेल्या उत्तरेकडील इस्राएलाचा राजा पेकह यांनी हातमिळवणी करून यहूदाची राजधानी यरुशलेम हिच्यावर चाल केली. आहाजाला गादीवरून काढून ताबेलाच्या मुलाला तेथे बसवावे, असा त्यांचा बेत होता. बातमी येताच राजाचे आणि प्रजेचे काळीज वाऱ्याने हलणाऱ्या रानातील झाडांसारखे कापू लागले, असे यशयाच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. त्या वेळी यशया संदेष्टा आपल्या शआर-याशूब नावाच्या मुलाला बरोबर घेऊन आहाजाला भेटला. भेटीची जागा नेमकी सांगितली आहे: वरच्या तळ्याच्या कालव्याचे टोक, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. वेढ्याच्या भीतीने राजा शहराच्या पाण्याची सोय पाहायला तेथे आला असावा, असा तर्क बरेच अभ्यासक करतात आणि तो मला पटतो. यशयाने त्याला सांगितले की शांत राहा, हे दोघे म्हणजे धुमसणाऱ्या कोलितांची दोन थोटके आहेत, आणि तुमचा विश्वास स्थिर नसेल तर तुम्हीही स्थिर राहणार नाही. हवे ते चिन्ह मागून घेण्याची मुभाही त्याला दिली. देवाची परीक्षा पाहणार नाही, असे धार्मिक वाटणारे उत्तर देऊन आहाजाने ती नाकारली. इम्मानुएल नावाचा पुत्र जन्मेल हे वचन या नकारानंतर आले आहे, ही गोष्ट नाताळाच्या गडबडीत आपल्या ध्यानातून निसटते.

आहाजाने केले ते असे. परमेश्वराच्या मंदिरातील आणि राजवाड्याच्या भांडारातील सोने-रुपे काढून त्याने अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याच्याकडे नजराणा म्हणून पाठवले आणि बरोबर निरोप दिला की, मी तुझा सेवक आणि तुझा पुत्र आहे, येऊन मला वाचव (२ राजे १६). प्राचीन पश्चिम आशियातील राजनीतीत ही ठराविक भाषा होती. बरोबरीचे राजे एकमेकांना भाऊ म्हणत आणि मांडलिक आपल्या अधिपतीला स्वामी किंवा पिता म्हणत असे. पण आहाज दावीदाच्या गादीवर बसला होता. त्या गादीला दिलेले वचनच असे होते की, मी त्याचा पिता होईन आणि तो माझा पुत्र होईल (२ शमुवेल ७). ज्याने परमेश्वराला पिता म्हणावे, त्याने तो शब्द अश्शूरच्या राजापुढे ठेवला. मला वाटते, मंदिरातील सोने त्यानंतर गेले. खरी गोष्ट त्या निरोपातच हातची गेली होती.

पुढचा प्रसंग फार बारकाईने सांगितला आहे. तिग्लथ-पिलेसराने इ.स.पू. ७३२मध्ये अरामाची राजधानी दिमिष्क घेतली आणि रसीनाला ठार केले. आहाज त्याला भेटायला दिमिष्कास गेला असता तेथे त्याला एक वेदी दिसली. तिचा नमुना आणि तपशीलवार आराखडा त्याने उरीया याजकाकडे पाठवला आणि राजा परत येण्याआधीच उरीयाने ती वेदी बांधून तयार ठेवली. परमेश्वरापुढील पितळी वेदी तिच्या जागेवरून हलवून नव्या वेदीच्या उत्तरेला ठेवण्यात आली. शलमोनाने बारा पितळी बैलांच्या पाठीवर बसवलेला मोठा गंगाळसागर खाली उतरवून दगडी फरशीवर ठेवला गेला. मंदिराच्या बाजूचा राजाचा बाहेरचा प्रवेशमार्गदेखील अश्शूरच्या राजामुळे बदलला, असे लेखक लिहितो. अश्शूरचे राजे मांडलिकांवर आपली उपासना सक्तीने लादत होते की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सक्ती नव्हती असे धरले तर आहाजाचा दोष कमी होत नाही, उलट वाढतो, कारण मग हा सारा बदल त्याने आपण होऊन केला असे होते. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा निष्कर्ष असा की तिग्लथ-पिलेसर आला खरा, पण त्याने आहाजाला बळ दिले नाही, उलट त्रास दिला. पदरचे सोने देऊन विकत घेतलेले दुखणे ते हेच. तिग्लथ-पिलेसराच्या स्वतःच्या शिलालेखात खंडणी देणाऱ्या राजांच्या यादीत यहूदाच्या या राजाचे नाव आहे, तेव्हा ही घटना केवळ बायबलच्या आधारावर उभी नाही.

आसाचा प्रसंग याच वळणाचा असून थोडक्यात सांगता येतो. इस्राएलाचा राजा बाशा रामा येथे तटबंदी करू लागल्यावर आसाने मंदिराच्या भांडारातील सोने-रुपे देऊन अरामाच्या बेन-हदादाला इस्राएलाविरुद्ध उठवले. डाव यशस्वी झाला, बाशाचे दगड आणि लाकूड आणून आसाने गेबा व मिस्पा बांधून काढली, आणि तरीही हनानी द्रष्ट्याने त्याला दोष दिला. डाव साधला म्हणून तो योग्य ठरत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी जागा मला आठवत नाही.

यहोशाफाटाचे दुःख वेगळे आहे, कारण तो भला राजा होता. त्याने इस्राएलाचा राजा अहाब याच्याशी सोयरीक केली, त्याच्या मुलाने, यहोरामाने, अहाबाच्या घरची अथल्या करून घेतली. रामोथ-गिलादच्या लढाईसाठी अहाबाने साथ मागितली तेव्हा यहोशाफाट म्हणाला की मी तुझ्यासारखाच, माझे लोक तुझ्या लोकांसारखे, माझे घोडे तुझ्या घोड्यांसारखे. इतका शब्द देऊन झाल्यावर मग तो म्हणतो की आधी परमेश्वराचे वचन काय ते विचारून घेऊ. मीखाया बिन इम्ला या संदेष्ट्याने ते वचन सांगितले, ते प्रतिकूल निघाले, तरी तो लढाईस गेला, कारण शब्द गुंतला होता. त्या लढाईतून तो जिवानिशी सुटला, पण सोयरिकीचे परिणाम पुढच्या पिढीत उमटले. अथल्येने राजवंशाचा संहार केला आणि यहोशेबेने तान्ह्या योवाशाला सहा वर्षे मंदिरात लपवून ठेवले नसते तर दावीदाचा वंश तेथेच खुंटला असता. रणांगणावर कोणत्याही शत्रूला जे जमले नव्हते, ते एका लग्नाने जवळजवळ घडवून आणले होते.

जाणकारांनी आपली मते मांडावीत. मतभेद असतील तर ते विशेष करून वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

लेख आवडला, पण आहाजावर थोडा अन्याय होत आहे असे वाटते. दोन शत्रू दाराशी उभे असताना लहानशा राज्याच्या राजाने काय करायला हवे होते? अश्शूरशी लढण्याचा मार्ग पत्करणाऱ्या शोमरोनाचा, म्हणजे इस्राएलाच्या राजधानीचा, इ.स.पू. ७२२च्या सुमारास नाश झाला. खंडणी देणारे यहूदा मात्र त्यानंतर सुमारे १३५ वर्षे टिकले. राज्यकर्त्याच्या दृष्टीने पाहिले तर आहाजाने आपली प्रजा वाचवली. यशयाचा सल्ला संदेष्ट्याला शोभणारा आहे, परंतु प्रजेच्या जिवाची जबाबदारी डोक्यावर असलेल्या माणसाने तो जसाच्या तसा कसा स्वीकारावा?

धागाकर्त्याचे उत्तर

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. यशयाने आहाजाला लढायला सांगितलेले नाही, अश्शूरविरुद्ध बंड करायलाही सांगितलेले नाही. स्वस्थ राहा, एवढेच त्याचे सांगणे होते. आता त्या काळची परिस्थिती पाहा. तिग्लथ-पिलेसराची पश्चिमेकडील मोहीम स्वतःच्या साम्राज्याच्या गरजेतून चालली होती आणि इ.स.पू. ७३४मध्ये तो गज्जापर्यंत पोहोचला होता. त्याला आव्हान देणाऱ्या रसीन आणि पेकह यांचा हिशेब तो आज ना उद्या करणारच होता. जी गोष्ट आपसूक घडणार होती तिच्यासाठी आहाजाने मंदिर रिकामे केले. हे त्याला त्या क्षणी दिसणे कठीण होते, हे मी मान्य करतो, पण नेमके तेच सांगायला संदेष्टा त्याच्यापुढे उभा होता. आठव्या अध्यायात यशया म्हणतो की, शिलोहाचे संथ वाहणारे पाणी नाकारल्यामुळे महानदाचा, म्हणजे अश्शूरचा, पूर यहूदात शिरेल आणि गळ्यापर्यंत चढेल. इ.स.पू. ७०१मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाची तटबंदीची शहरे घेतली आणि यरुशलेम तेवढे उरले, तेव्हा ते शब्द खरे ठरले. प्रजा वाचली हे आपले म्हणणे त्या वर्षी यहूदाच्या लाखीश शहरातल्या लोकांना पटले नसते. त्या शहराच्या पाडावाची दृश्ये सन्हेरीबाने निनवेच्या राजवाड्यातील भिंतींवर कोरून घेतली होती. ती शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांत सामानाच्या गाड्यांसह बायकामुले शहर सोडून जाताना दिसतात.

प्रतिसाद २

मग आहाजाचा मुलगा हिज्कीया राजा याचे काय? त्यानेही सन्हेरीबाला ३०० किक्कार (वजनाचे एक मोठे माप) रुपे आणि ३० किक्कार सोने दिले आणि त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून काढले (२ राजे १८). सन्हेरीबाच्या शिलालेखात सोन्याचा आकडा ३० किक्कारच आहे, रुप्याचा मात्र ८०० आहे. आपण लावलेली भांडाराची कसोटी आहाजाला लागू असेल तर हिज्कीयालाही लागू व्हायला हवी. त्याच्याविषयी मात्र राजांच्या पुस्तकात स्तुतीच आढळते.

धागाकर्त्याचे उत्तर

कसोटी लागू होतेच, आणि त्या जागी राजांच्या पुस्तकाचा लेखक हिज्कीयाचे समर्थन करत नाही, घडले ते कोरडेपणाने नोंदवून पुढे जातो. तरीही दोन्ही प्रसंगांत मला एक फरक दिसतो. आहाजाने सोने देऊन संरक्षक मागवला. हिज्कीयाने पराभवानंतर लादलेला दंड भरला. शिवाय हिज्कीयाच्या दरबारचा खरा मोह अश्शूर नव्हता, मिसर (इजिप्त) होता. यशयाचे तिसावे आणि एकतिसावे अध्याय त्याच धोरणावर तुटून पडले आहेत. गाढवांच्या पाठींवर आणि उंटांच्या मदारींवर संपत्ती लादून सिंह आणि सर्प असलेल्या मुलखातून जिच्याकडे न्यायची ती मिसराची मदत व्यर्थ आहे, असे तो म्हणतो, आणि पुढे बजावतो की मिसरी लोक माणसे आहेत, देव नव्हेत, आणि त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नव्हेत.

मूळ लेखात राहून गेलेला एक मुद्दा येथे सांगतो. सन्हेरीबाचा अधिकारी रब्शाके यरुशलेमेला धमकावायला आला तेव्हा तो जेथे उभा राहिला ती जागा म्हणजे वरच्या तळ्याच्या कालव्याजवळचा, परटाच्या शेताकडे जाणारा हमरस्ता. सुमारे तीन दशकांपूर्वी आहाजाला स्वस्थ राहायला सांगितले गेले त्याच ठिकाणी आहाजाच्या संरक्षकाचा वारसदार त्याच्या मुलाला शरण यायला सांगत होता. मिसर म्हणजे टेकणाऱ्याच्या हातात घुसणारा चेचलेला बोरू आहे, हे रब्शाकेचे वाक्य यशयाच्याच मताशी जुळणारे आहे, हेही विलक्षण आहे. हिज्कीयाची स्तुती होते ती पुढच्या कृतीसाठी: धमकीचे पत्र घेऊन तो मंदिरात गेला आणि ते त्याने परमेश्वरापुढे उलगडून ठेवले. पुढच्या अध्यायात बाबेलचा राजा मरोदख-बलदान याच्या दूतांना त्याने आपली सगळी भांडारे दाखवली तेव्हा यशयाने त्यालाही सोडले नाही.

प्रतिसाद ३

दिलेला शब्द पाळण्याचा मुद्दा आपण आरंभी मांडला आणि मग तो मागे पडला. माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा तोच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यहोशवाच्या नवव्या अध्यायात कनानातील गिबोनी लोक फाटक्या गोण्या, शिवलेले जुने बुधले आणि बुरशी आलेली भाकर दाखवून दूरदेशी असल्याची बतावणी करतात आणि इस्राएलाकडून तह मिळवतात. परमेश्वराला न विचारता हा तह झाला, असा स्पष्ट ठपका तेथे आहे. फसवणूक तीन दिवसांत उघडकीला आली. तरीही सरदारांनी गिबोन्यांना हात लावला नाही, कारण परमेश्वराच्या नावाने शपथ वाहिली होती. पुढे कित्येक पिढ्यांनी शौलाने गिबोन्यांना मारले आणि दावीदाच्या काळात तीन वर्षे दुष्काळ पडला तो त्या रक्तदोषामुळे, असे २ शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. फसवून मिळवलेला तह, तोही परक्यांशी, आणि तरी तो मोडल्याचा जाब देव विचारतो.

याचेच दुसरे उदाहरण यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला इ.स.पू. ५९७मध्ये गादीवर बसवताना देवाच्या नावाने शपथ घ्यायला लावली होती. सिद्कीयाने ती मोडून मिसराकडे घोडे आणि सैन्य मागितले. यहेज्केलाच्या सतराव्या अध्यायात दोन गरुडांचा आणि द्राक्षवेलीचा दृष्टांत आहे, आणि त्याच्या अर्थात परमेश्वर ती शपथ ‘माझी शपथ’ आणि तो करार ‘माझा करार’ असे म्हणतो. तहाचा दुसरा पक्ष मूर्तिपूजक सम्राट आहे, मंदिराचा नाश तोच करणार आहे, आणि तरी त्याला दिलेला शब्द देव स्वतःचा मानतो. मिसरचा राजा हफ्रा याचे सैन्य मिसरातून निघाले तेव्हा खास्द्यांनी, म्हणजे बाबेलच्या सैन्याने, यरुशलेमेचा वेढा काही काळ उठवला होता, त्यामुळे शहरात आशा पालवली. ते सैन्य माघारी जाईल, असे यिर्मयाने तेव्हाच सांगितले होते. ते गेले, वेढा पुन्हा पडला, आणि पळून जाणारा सिद्कीया यरीहोच्या मैदानात पकडला गेला. धर्मनिष्ठेच्या नावाखाली परक्यांशी केलेला करार मोडता येतो असे मानणाऱ्या कोणालाही या अध्यायाला वळसा घालता येणार नाही.

प्रतिसाद ४

कॅथलिक बायबलात मक्काबी पुस्तके आहेत, म्हणून ही भर घालतो. १ मक्काबीच्या आठव्या अध्यायात यहुद्यांचा पुढारी यहूदा मक्काबी याने रोमशी इ.स.पू. १६१च्या सुमारास तह केला. त्याची कलमे पितळी पाट्यांवर कोरून यरुशलेमेला पाठवण्यात आली. त्या अध्यायात रोमन लोकांची तोंड भरून स्तुती आहे: ते मुकुट घालत नाहीत, त्यांची सभा रोज विचारविनिमय करते, ते मित्रांशी प्रामाणिक राहतात. टीकेचा एक शब्दही नाही. तीच सत्ता इ.स.पू. ६३मध्ये पोम्पे या रोमन सेनापतीच्या रूपाने यरुशलेमेत शिरली, आणि तीही हिर्कानस व अरिस्तोबुलस या यहुदी राजघराण्यातील दोन भावांच्या गादीच्या भांडणात न्याय करायला बोलावली गेली म्हणून. पोम्पे मंदिराच्या परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, गेला होता. मक्काबीच्या लेखकाने ते पाहिले असते तर आठवा अध्याय त्याने कसा लिहिला असता, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

प्रतिसाद ५

वरील प्रतिसादाला जोडूनच लिहितो. येशूच्या खटल्यात रोमन सुभेदार पिलात याच्यापुढे मुख्य याजक म्हणाले की, कैसरावाचून आम्हांला कोणी राजा नाही (योहान १९). आहाजाच्या निरोपात जे होते तेच येथे पूर्णत्वाला गेले आहे, आणि या वेळी बोलणारे स्वतः याजक आहेत. त्याच दिवशी हेरोद आणि पिलात यांचे जुने वैर मिटून मैत्री झाली, ही लूकची नोंदही या विषयात धरायला हवी.

धागाकर्त्याचे उत्तर

गिबोन आणि सिद्कीया यांच्याविषयीचा प्रतिसाद मूळ लेखाची उणीव भरून काढणारा आहे. त्यात आमोसाची साक्ष जोडतो. पहिल्या अध्यायात सोर नगराला दोष दिला आहे तो भावाभावांचा करार न स्मरल्याबद्दल. हिराम आणि शलमोन यांच्यातील तहाचा तेथे संदर्भ असावा, असे बरेच भाष्यकार मानतात. म्हणजे शब्द पाळण्याचे बंधन इस्राएलापुरतेच नव्हते, ते सोरलाही लागू होते.

या चर्चेतून एखादा यांत्रिक नियम काढता येईल असे मात्र मला वाटत नाही, आणि त्याचे कारण बंदिवासानंतरच्या दोन पुस्तकांत सापडते. एज्रा याजकाने पर्शियाच्या अर्तहशश्त राजाकडे वाटेतल्या संरक्षणासाठी सैनिक आणि स्वार मागायला लाज वाटली असे लिहिले आहे, कारण आमच्या देवाचा हात आमच्यावर आहे असे त्याने राजाला आधीच सांगितले होते. म्हणून अहवा नदीच्या काठी उपास करून, मंदिरासाठी दिलेले सोने-रुपे बरोबर घेऊन, तो पहाऱ्याविना निघाला. काही वर्षांनी नहेम्या पर्शियाच्याच राजाकडून सुभेदारांच्या नावे पत्रे, राजाच्या वनातील लाकूड आणि सेनानायकांसह घोडेस्वार घेऊन त्याच यरुशलेमेस आला, आणि राजाने जे दिले ते देवाचा वरदहस्त आपल्यावर होता म्हणून दिले असे त्याने लिहिले. दोघेही प्रार्थना करून निघाले होते, दोघांनाही बायबलने मान दिला आहे. आहाजाने मात्र तिग्लथ-पिलेसराकडे माणसे पाठवण्यापूर्वी प्रार्थना केल्याची नोंद कोठेही नाही.